करंजाच्या पानांतला चेहरा

दीपमाला फुटक्या फरशांची चित्रं करायची. पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये चांगली बाथरूमं मोडून नवी करण्याचा सोस कधी संपत नसल्यामुळे तिला रंगीत तुकड्यांची ददात नव्हती, आणि आजवर तिने शाळांच्या भिंतींवर मोर, मासे, कमळं असं पुष्कळ काही केलं होतं. चाकण रस्त्यालगतची भिंत मात्र वेगळी होती. तिथल्या एका कारखान्याला आग लागली तेव्हा बाहेरून कुलूप घातलेल्या दारामागे कंत्राटी मुली जळून गेल्या, आणि दीपमालाची धाकटी बहीण पूनम त्यांच्यातच होती. कंपनीने हात झटकले. शेवटी कारखान्याशेजारच्या लक्ष्मणरावांनी मुलींच्या आठवणीसाठी आपल्या गोदामाची रस्त्याकडची भिंत देऊ केली, आणि दीपमालाने तिच्यावर इंद्रायणी काढायला घेतली. काठाने उंबर, जांभूळ, करंज, आणि प्रत्येक झाडाच्या पानांतून एकेका मुलीचा चेहरा.

बाकीच्या आया निदान रडून मोकळ्या झाल्या होत्या. दीपमालाची आई गोजाबाई मात्र अजून तिघींची कणीक मळत होती, कारण पूनमची म्हणून हाती आलेली राख पूनमचीच कशावरून, हे तिला कोणी पटवून देऊ शकलं नव्हतं. भिंतीवर पूनम दिसली की आईला मानावंच लागेल, एवढ्या एकाच आशेवर दीपमाला उन्हातान्हात राबत होती.

चेहरे ती घरी करी. कागदाला खळ लावून तुकडे पालथे चिकटवायचे, तो कागद भिंतीवरच्या ओल्या सिमेंटवर दाबायचा, आणि सिमेंटने धरलं की पाणी मारून कागद सोलायचा. चेहरा कसा उतरलाय ते सोलल्यावरच कळतं.

पूनमचा कागद सोलला तेव्हा करंजाच्या पानांतून एक अनोळखी मुलगी बघत होती. हनुवटी निमुळती, डावी भुवई मधोमध तुटलेली. उलटसुलट करताना आपलीच गफलत झाली असेल, असं म्हणून दीपमालाने सगळं खरवडून काढलं आणि फोटोवरून उतरवलेली रेघ कुठेही न सोडता पूनमचा चेहरा पुन्हा लावला. सोललं तर तीच मुलगी. बाकीचे चेहरे हुबेहूब उतरले होते.

एका दुपारी शिफ्टची बस भिंतीपाशी थांबली आणि गणवेशातली एक मुलगी खाली उतरली. तिची डावी भुवई मधोमध तुटलेली होती.

"ताई, माझा फोटो तुमाला कुठं मिळाला?"

तिचं नाव पिंकी. दुरुस्तीनंतर कारखाना पुन्हा सुरू झाला होता, आणि तिला खिडकीजवळच्या मशीनवर लावलं होतं. ते पूनमचं मशीन होतं.

"मागचं दार उघडं असतं का गं?" दीपमालाने कसंबसं विचारलं.

"शिफ्टमधी न्हाई. माल चोरीला जातो म्हणतेत."

"तू तिथं जाऊ नकोस. आजपासूनच जाऊ नकोस, पिंकी."

"ताई, घर माझ्यावर चालतं," पिंकी म्हणाली, आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला तशी धावत जाऊन बसमध्ये चढली.

ते कुलूप काढायला लावण्यासाठी दीपमालाने कुठे कुठे खेटे घातले, पण तिला कोणी दाद दिली नाही. मग ती छिन्नी घेऊन भिंतीपाशी गेली. तो चेहरा फोडून टाकावा असं मनात होतं, पण हात उचलेना. जिवंत पोरीच्या तोंडावर घाव घालायचा तरी कसा?

फटींत सिमेंट भरलं की तुकड्यांवर पांढुरका थर धरतो, आणि तो ओल्या फडक्याने पुसावा लागतो. हे काम आयांनीच करायचं, असं आधीपासून ठरलं होतं. त्या सकाळी सगळ्या जमल्या आणि आपापल्या लेकीचं तोंड पुसू लागल्या, कोणी हलकेच बोलत, कोणी नुसतीच. आईला मोतीबिंदू आहे, वर थरही दाट आहे, निभावून जाईल, अशी लाज वाटण्यासारखी आशा धरून दीपमालाने गोजाबाईला करंजापाशी आणलं आणि तिच्या हातात फडकं दिलं.

गोजाबाईने आधी नुसती बोटं फिरवली, कपाळावरून, भुवईवरून, हनुवटीपर्यंत. मग तिने फडकं पिळलं, घडी घातली आणि बादलीच्या काठावर नीट ठेवून दिलं.

"ही आपली न्हाई गं," ती म्हणाली. "हिची आई आजून यायची हाय."