आजचा डॉलर

"घ्या दशरथराव, तोंड गोड करा!" भीमरावांनी जिन्यातच पेढ्यांचा पुडा पुढे केला.

"वा! अभयचं लग्न ठरलं की काय?"

"छे हो! डॉलर अडुसष्टवर गेला!"

आता यात पेढे वाटण्यासारखं काय होतं? पण टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या भीमरावांचा अभय अमेरिकेत आयटीत होता, आणि धायरीतल्या त्या सोसायटीच्या फळ्यावर सुविचार लिहायचं काम यांच्याकडे. सुविचाराखाली रोज ठळक अक्षरात 'आजचा डॉलर' आणि पुढे भाव. रुपया घसरला की यांच्या मिशीला पीळ! सकाळीच अभयला फोनवर बजावलं होतं, "रिझर्व्ह बँक झोपलीय, तोवर पैसे पाठवून टाक."

मार्केट यार्डात आडत्याकडे दिवाणजी असलेल्या दशरथरावांनी पेढा घेतला, पण तो हातातच राहिला.

"रिझर्व्ह बँक स्वतःचे डॉलर विकून भाव खाली आणेल म्हणतात. खरं का हो? तुम्हाला त्यातलं कळतं."

"आणेल की!" भीमराव ठोकून मोकळे झाले.

घरात पाऊल टाकताच ललिताबाई कडाडल्या, "अहो, काही लाज? दशरथरावांच्या उत्कर्षाला अमेरिकेत ॲडमिशन मिळालीय. बँकेनं कर्ज मंजूर केलं तेव्हा डॉलर पंचावन्नला होता. आता वरचे पैसे आणायचे कुठून म्हणून कांताबाई रडतायत, आणि तुम्ही पेढे वाटताय!"

भीमरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दशरथरावांचा तो विचारतानाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर नुसता सुविचार.

पुढच्या आठवड्यात ते असेच खडू घेऊन उभे असताना उत्कर्षा खाली आली. इस्त्रीचा ड्रेस, हातात फाइल.

"कुठं निघालीस गं?"

"खराडीला, काका. कॉल सेंटरचा इंटरव्ह्यू आहे." ती फळ्यापाशी थांबली. "भाव लिहायचं का बंद केलंत? मी रोज आधी तोच बघायचे."

"अगं, राहूनच जातं..."

"लिहा की. आम्हाला आता नाही लागत तो."

टोमणा असता तर भीमरावांनी परतवला असता. पुण्यात आयुष्य गेलेला माणूस! पण पोरगी अगदी सरळ बोलली होती.

त्यांनी सवयीनं 'आजचा' एवढं लिहिलं आणि तळहातानंच पुसून टाकलं. फाटकातून उत्कर्षानं वळून हात हलवला. भीमरावांना खडूनं माखलेला हात काही वर करता आला नाही.