येजिदेचा आजीसारखा दात

ओलानिरान शिंपी म्हणजे चांगला दांडगा बाप्या, पण रोज सकाळी अंगणात पालथा पडून आपल्या अकरा वर्षांच्या पोरीला लोटांगण घालायचा. अख्ख्या इबादान शहरात असला बाप शोधून सापडला नसता!

"आई, रात्री झोप लागली ना?"

आणि येजिदे, तोंडसुद्धा न धुतलेली, ऐटीत म्हणायची, "ऊठ बाळा, कपडे मळतील."

थट्टाच ती, पण नुसती थट्टा नव्हे. आजी गेली आणि त्याच वर्षी ही जन्मली, म्हणजे आजीच परत आली. नावही त्यावरूनच ठेवलेलं, येजिदे म्हणजे आईचंच रूप. त्यात दुधाचे दात पडून नवे आले, तर पुढचा एक थेट आजीसारखा: मक्याच्या दाण्यासारखा जाडजूड, मागच्या बाजूला टोक. शेजारणी येऊन येऊन बघून गेल्या. "घ्या! म्हातारी खूण घेऊनच आली की!"

म्हणून तो दात ठणकायला लागला तेव्हा पोरीने अवाक्षर काढलं नाही. दात उपटतील, खूण जाईल, मग बाबा आई कुणाला म्हणणार? वेडी आपली दुसऱ्या बाजूने चावत राहिली. शेवटी ओठ टम्म सुजला, अंग तापाने फणफणलं, तेव्हा कुठे बापाला कळलं. त्याने तिला उचललं आणि थेट दवाखाना गाठला.

दातांच्या डॉक्टर मोरोंकेजीबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "अगं बाई, हा तर दातात दात! हिरडीत घडतानाच आत दुमडला गेलाय. त्या फटीतून कीड शिरली, मुळाशी पू झालाय."

"काढू नका हो," ओलानिरान हात जोडून म्हणाला. "माझ्या आईचा दात आहे तो."

"काढत नाही. रूट कॅनाल करू. पण आतली वाट वाकडीतिकडी आहे, वेळ लागेल. मागचं टोक घासावं लागेल, पुढूनही आकार द्यावा लागेल. दात राहील. दिसेल मात्र चारचौघींसारखा."

ओलानिरान फरशीकडे बघत म्हणाला, "पोरीचं दुखणं थांबवा, बाई." येजिदेने त्याचा चेहरा पाहिला आणि जिभेने दाताचं ते टोक चाचपलं.

बाईंचा हात मात्र हलका. तोंडावर रबराचा पडदा ताणून त्या केसासारख्या बारीक सुया आत घालायच्या आणि त्या वाकड्या वाटेलाच रागवायच्या, "कुठे लपलीस गं, बये? ये बाहेर!" सुई एकदाची मुळापर्यंत पोचली तेव्हा त्या खुर्चीतच नाचायच्या बाकी होत्या. मग मध्ये काही आठवडे औषध भरून ठेवलं. सूज गेली, ठणका गेला. शेवटच्या दिवशी दात भरून, घासून, आकार देऊन त्यांनी आरसा पुढे केला. गुळगुळीत, सुरेख दात. येजिदेने तोंडावर हात ठेवला, तो घरी पोचेपर्यंत काढला नाही. रात्री जेवलीसुद्धा भिंतीकडे तोंड करून.

सकाळी अंगणात बाबा नव्हते. झालं! येजिदे पायरीवर बसली. डोळ्यांतलं पाणी गालावरून हातावर, हातावरून कोपरावर. हात तोंडावर तसाच.

"काय गर्दी त्या नाश्तेवालीकडे!" ओलानिरान फाटकातून धापा टाकत आला. हातात पानात बांधलेलं वाफाळतं मोइन-मोइन, चवळीचं मऊ मऊ. आला तो पुडी पायरीवर ठेवून सरळ पालथाच पडला. "आई, झोप लागली ना?"

"मी नाही तुमची आई," हाताआडून हुंदका आला. "खूण गेली."

ओलानिरानने मान वर केली आणि बघतच राहिला.

"अगं, अशीच बसायची ती," तो हळूच म्हणाला. "अशीच, हात तोंडावर. त्या दाताची लाज वाटायची तिला. लग्नात, बाजारात, फोटोत, हसताना कुठे हात काढला नाही. मी पोटचा पोर, पण मला माझी आई तोंडभरून हसताना कधी दिसली नाही गं." त्याने मातीतूनच हात पुढे केला. "आता परत आलीयस, दुखत नाहीय, लाज नाही. हस की, आई. एकदा बघू दे."

येजिदेने हात काढला. आधी ओठ थरथरले, मग नाक पुसत ती हसली, सगळे दात दाखवून.

बाप मातीतच पडून रडायला लागला.

"ऊठ बाळा," ती म्हणाली, "मोइन-मोइन गार होतंय."