शमाशचा डावा कान

आमच्या सिप्पार नगरात देव घडवायचा सुतारानं, आणि मग चारचौघांत शपथ घ्यायची की मी घडवलाच नाही, सुतारांचा देव निनिल्दु, त्यानं घडवला. शपथ झाली नाही तर देवाचं तोंड उघडत नाही, तो लाकूडच राहतो आणि सुताराला नदीचा तळ दाखवतात.

माझा नवरा इलशू श्रेय सोडणाऱ्यांतला नव्हे. सूर्यदेव शमाशची मूर्ती करताना वर्षभर त्यानं गल्लीतल्या एकेकाला बोलावून नाक दाखवलं. "बघून घ्या. खऱ्या शमाशलाही असलं नसेल." मी कपाळाला हात लावायची.

शपथेचा दिवस आला. नदीकाठी त्याचे हात फडक्यानं बांधले. पुजारी नूरिया यांनी झाऊच्या झाडाची लाकडी सुरी मनगटांवरून फिरवली. रीतीप्रमाणे हात तुटले, म्हणजे तुटले असं सगळ्यांनी मानायचं.

"बोल आता."

इलशूनं काठावर ठेवलेल्या मूर्तीच्या नाकाकडे एकदा पाहिलं.

"बोल रे बाबा. देवाला भूक लागली असेल."

"तोंड उघडलं नाही तर भूक कशी लागेल?" इलशू म्हणाला. "आणि नाक मी केलंय."

नूरियांनी मान हलवली, तसे दोन पहारेकरी पुढे सरकले. माणूस फुशारक्या मारणारा असेल, पण मला तोच हवा होता. मी बांधावरून ओरडले, "अहो, डावा कान उजव्यापेक्षा मोठा झालाय!"

इलशू गर्रकन मूर्तीकडे वळला. एक डोळा मिटून बघू लागला. बांधलेल्या हातांनी मापता येईना. त्याचा चेहरा उतरला.

"मी नाही केला," तो म्हणाला. "निनिल्दुनं केला. सगळा त्यानंच केला."

ढोल वाजले. देव गाभाऱ्यात गेला. तिथं सुताराला पाऊल ठेवता येत नाही.

घरी आल्यावर मी त्याला कांदा-भाकरी वाढली आणि खरं सांगितलं. "कान सारखेच आहेत हो. तुम्हाला बुडवतील म्हणून खोटं बोलले."

त्यानं मायेनं माझ्याकडे पाहिलं. "राहू दे गं. मला बरं वाटावं म्हणून आता खोटं बोलू नकोस."

तेव्हापासून तो नांगर करतो. मूर्तीचं नाव काढत नाही, आणि मला ते बघवत नाही. शमाश म्हणे खऱ्याखोट्याचा निवाडा करतो. मग एकदा त्यानं माझ्या नवऱ्याला सांगावं, कान बरोबर आहेत म्हणून. एवढंही होत नसेल, तर तोंड उघडून दिलं कशाला?