मागची रांग

त्या काळी धर्मशिक्षणाच्या त्या शाळेत शिक्षक नेमायचा म्हणजे त्याचं घर श्रद्धाळू आहे ना आणि गळा गोड आहे ना, एवढंच बघत. शिकवता येतं का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे. वर्षाअखेरीस विश्वस्त वर्गात येऊन मुलांकडून धर्मग्रंथातली वचनं म्हणवून घेत. ज्या वर्गाचा सूर खणखणीत, त्याच्या शिक्षकाला बक्षीस. आणि तो तात्पुरता असेल तर नोकरी कायम.

त्या वर्षी तात्पुरत्या शिक्षकांत मुख्याध्यापिकाबाईंची भाची होती. बाईंच्या बहिणीचं सगळं घर पोरीच्या या नोकरीवर डोळे लावून बसलं होतं. सकाळीच बहीण म्हणाली होती, "ताई, आज शाळेतली बाई घरी ठेवून जा गं. नुसती मावशी हो."

पुढच्या सगळ्या खुर्च्या विश्वस्तांनी अडवल्या, म्हणून बाई शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसल्या. भाचीने हात वर केला आणि वर्ग वचनं म्हणू लागला. आवाज असा लागला की थोरल्या विश्वस्तांनी डोळेच मिटले.

बाईंच्या पुढ्यात दोन वेण्यांची मुलगी होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज? बाई पुढे झुकल्या. शेजारच्या पोराने भर वचनात ऐसपैस जांभई दिली, तरी सूर तसूभर हलला नाही! गात होती ती फक्त पहिली रांग. मागची सगळी पोरं माशासारखी तोंडं उघडत मिटत होती.

"वा! कान तृप्त झाले," थोरल्या विश्वस्तांनी पेनाचं टोपण काढलं. "करू ना सही, बाई?"

भाचीने मान वर करून मावशीकडे बघितलं. सुटल्यासारखं हसू होतं तिच्या तोंडावर. बाईंच्या जिभेवर 'हो' आलं होतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "पहिली रांग, खाली बसा. बाकीच्यांनी म्हणा बघू."

मागची पोरं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "आम्हाला येत नाही, बाई. आम्ही नुसतं तोंड हलवायचं असतं. नाहीतर सूर बिघडतो."

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. शाळेत ती कधी नात्याने हाक मारत नसे, पण आता तिचा तोल सुटला. "मावशी, तूच सांग यांना! मला नेमलं ते आवाज ऐकून. बक्षीस देता तेही आवाजालाच. या मागच्यांना शिकवत बसले असते, तर कुणी विचारलं असतं मला?"

थोरले विश्वस्त खाकरले. "जाऊ द्या हो, बाई. एवढं कशाला ताणता? ऐकायला तर छान वाटलं."

"तुम्ही पुढे होतात. मी मागे बसले होते. मला इथल्या पोरांचं काहीच ऐकू आलं नाही." बाई बाकावरून उठल्या. "सही पुढच्या परीक्षेला करा. आणि पोरगी म्हणते ते खोटं नाही, साहेब. पुढच्या खेपेला तुम्हीही इथे मागे येऊन बसा."

पेन खिशात गेलं. विश्वस्त निरोप न घेताच निघून गेले.

संध्याकाळी बहिणीने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. बाई उंबऱ्यावरूनच परतल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गातून फरफटल्याचा आवाज आला. बाईंनी डोकावलं. भाची एकटीच टेबल मागच्या भिंतीकडे ओढत होती.

"हात लावू?"

"नको, बाई." तिने वर बघितलंही नाही.

बाई दाराआड थांबल्या. मुलं उलटी वळून बसली. कालच्या पहिल्या रांगेतल्या एकाने विचारलं, "बाई, आता आम्ही तोंड हलवायचं का?"

"गप्प बस," भाची खेकसली. मग दोन वेण्यांच्या मुलीकडे वळली. "म्हण."

एक बेसूर, अडखळता आवाज निघाला आणि दुसऱ्याच शब्दावर अडला.

"पुन्हा," भाची म्हणाली. "आणि मला ऐकू येईल असं."