पाच चौकट

शनिवारी दुपारी साडेचारपर्यंत घड्याळजीला आपल्या डॉक्टरांची भीती वाटत नव्हती. चार वाजून बत्तीस मिनिटांनी वाटू लागली. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस घाबरला तरी आधी मनगटाकडे बघतो.

क्लबात खिडकीजवळच्या टेबलावर ब्रिज रंगला होता. घड्याळजीचे भागीदार डॉक्टर. हेच डॉक्टर सोमवारी सकाळी त्याचं डावं मूत्रपिंड काढणार होते. डावं पार निकामी झालं होतं, उजवं ठणठणीत होतं. प्रतिपक्षात दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी. दोघी मिळून शाळेचं ग्रंथालय चालवायच्या आणि टेबलावरही कुजबुजल्यासारख्याच बोलायच्या.

डॉक्टरांना पानं फक्कड आली असावीत. ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "चार नो ट्रम्प."

ही बोली म्हणजे खरं तर प्रश्न असतो. इस्पिक हुकूम ठरलाय, आता स्लॅम, म्हणजे बारा किंवा तेरा हात, बोलावा म्हणतो. चार एक्के आणि हुकमाचा राजा ह्या पाच किल्ल्यांपैकी तुमच्याकडे किती? उत्तर आकड्यात द्यायचं नाही, रंगाचं नाव घेऊन द्यायचं. एका पद्धतीत 'पाच चौकट' म्हणजे एक किंवा चार किल्ल्या. दुसरीत बरोबर उलटं, शून्य किंवा तीन. कुठली पद्धत खेळायची हे भागीदारांनी आधी ठरवायचं असतं. ह्यांनी ठरवून कागदावर लिहिलंही होतं.

घड्याळजीकडे एकच किल्ली होती. इस्पिकचा राजा.

"पाच चौकट."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "सात इस्पिक!"

सात म्हणजे तेराच्या तेरा हात करायचे.

"डबल," थोरली सांत्वनाला आल्यासारखी हळूच म्हणाली. हरल्यास दंड दुप्पट. मग तिने बदामचा एक्का टाकला, आणि त्याच्या मागोमाग चौकटचा.

"अहो घड्याळजी, तुमच्या तीन किल्ल्या कुठायत?"

"एकच आहे, डॉक्टर! चौकट म्हणजे एक!"

"चौकट म्हणजे तीन. असो." डॉक्टर पानं पिसू लागले. "उलटंपालटं होतंच हो. दोनच तर असतात, एखाद्या वेळी चुकीचं उचललं जातं."

घड्याळजीने मनगटाकडे पाहिलं.

रविवारी त्याने बायकोला सहाव्यांदा विचारलं, "माझं कुठलं गं?"

"डावं. चार महिने ह्या घरात दुसरा विषय आहे का?"

"मला माहीत आहे, तुला माहीत आहे. त्याला माहीत आहे का?"

"अहो, मोठे सर्जन आहेत ते."

"मोठा सर्जन सात बोलला गं! दोन एक्के बाहेर असताना!"

"मग जाऊन भांडा."

"सोमवारी ज्याच्या हातात सुरी असणार, त्याच्याशी रविवारी भांडू?"

बायकोला त्याचं म्हणणं पटलं. लग्नानंतर असं दुसऱ्यांदाच घडत होतं. शेवटी तिने पक्क्या शाईचं पेन घेतलं आणि त्याच्या उजव्या कुशीवर ठसठशीत लिहिलं, 'हे नव्हे'. त्याच्या हट्टापायी खाली दोन रेघाही मारल्या. एरवी बोट लावलं तरी खिदळणारा घड्याळजी लाकडासारखा उभा होता.

सोमवारी नर्सने आधी त्याच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ काढून पाकिटात घातलं, मग कसल्याशा तपकिरी द्रावाने त्याला पोटापासून पाठीपर्यंत घासलं.

"सिस्टर, ते पुसू नका हो!"

"नियम आहे, आजोबा. मागच्या महिन्यात एक जण कविता लिहून आला होता. तीही पुसली."

आत न्यायच्या आधी डॉक्टर आले. डोक्यावर हिरवी टोपी, हातात एक कागद. "शनिवारचा कागद कोटात सापडला बरं का. वाचा."

मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : किल्वर, एक किंवा चार. चौकट, शून्य किंवा तीन.

"अक्षर कुणाचं?"

"माझं," घड्याळजी पुटपुटला.

म्हणजे डॉक्टरांचं बरोबर होतं. खरं तर जिवात जीव यायला हवा होता. पण आला नाही. दोन दिवस ज्या डोक्याच्या भरवशावर त्याने डॉक्टरांवर संशय घेतला, चूक त्याच डोक्याने केली होती.

"फिल्म पाहिली, कागद पाहिले, सिस्टरनेही ताडून पाहिलं," डॉक्टर म्हणाले. "आता तुम्ही. पेशंटने स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय मी सुरी धरत नाही. कुठली बाजू?"

घड्याळजीने तोंड उघडलं. दोनच तर होत्या. डावी म्हणजे ही. की उताणं झोपल्यावर ती तिकडे जाते? की डॉक्टर उभे आहेत तिकडून मोजायची? कपाळावरचा घाम कानात उतरला. नर्स पेन उघडून थांबली होती.

सवयीने त्याने मनगटाकडे पाहिलं. घड्याळ नव्हतं. त्याच्या जागी चाळीस वर्षं ऊन न लागलेला पांढराफटक पट्टा होता. दुसऱ्या मनगटावर तसा पट्टा नव्हता.

"ह्या हाताकडची," तो हात उचलून म्हणाला.

"बोली तोंडाने करा, घड्याळजी."

"डावी. डावी!"

डॉक्टरांनी मान हलवली आणि डाव्या कुशीवर जाड बाण काढला. घड्याळजीने मान वळवून तो दोनदा तपासला, मग अंग सैल सोडलं.

आतल्या खोलीत भूल देणाऱ्या बाईंनी त्याच्या नाकावर मास्क धरला. "छान. आता दहापासून उलटे आकडे म्हणा बघू."

घड्याळजी धडपडत उठायला लागला.

"उलटे का?"