चार वाजताचा विद्यार्थी

"पुन्हा म्हणा," ती पेन्सिल टेबलावर आपटत म्हणाली.

त्यानं पुन्हा म्हटलं. आज मंगळवार आहे. हवा छान आहे. माझा भाऊ सफरचंदं विकत घेतो. त्याला भाऊ नव्हता आणि सफरचंद त्याच्या दातांना झेपत नव्हतं, पण धड्यात तसं होतं, म्हणून तो बिचारा तसं म्हणत होता. फ्रेंचमधला 'र' घशातून काढायचा असतो. त्याच्या घशातून जे निघालं ते ऐकून कुणीही त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला असता.

"घसा दुखतोय का तुमचा?" तिनं फ्रेंचमध्ये विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग पुन्हा."

ही मॅडम त्याची बायको होती. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि गेल्या आठ महिन्यांपासून ती त्याला ओळखत नव्हती.

तो पंप मेकॅनिक. चार गल्ल्यांत कुणाची मोटर जळली, व्हॉल्व्ह गळायला लागला, की लोक म्हणायचे, पंपवाल्यांना बोलवा. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यानं पान्हे पेटीत ठेवले. ती लांबच्या मुलखातली, बोली फ्रेंच. लग्न करून आली तेव्हा तिला इथलं ओ का ठो कळत नव्हतं. वर्षभरात ती भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली, आणि दोन वर्षांत सासूशी वाद घालायला लागली, तेही जिंकायच्या तयारीनं. पुढच्या खोलीत दुपारी चारला ती मुलांना फ्रेंच शिकवायची. अख्ख्या वस्तीतली पोरं तिच्या हाताखालून गेली. घरचा माणूस तेवढा कोरा राहिला. अडलंच नाही कधी त्याचं.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग घरचा रस्ता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही जणांचं नंतर शिकलेलं आधी जातं. एका सकाळी त्यानं विचारलं, "चहा टाकू का गं?" आणि समोरच्याचं बोलणं कळलं नाही की आपण उगीच हसतो, तशी ती हसली. त्या दिवसापासून तिच्या तोंडी इथला एक शब्द आला नाही.

लेक दुसऱ्या शहरात होती. तिला आईची भाषा येत होती. मग फोन स्पीकरवर ठेवून कारभार चालायचा. "बाबा, आई म्हणतेय पाय दुखतोय. डावा. बाबा, आईला खिडकी लावून हवीय." एकदा आई बराच वेळ काहीतरी विचारत राहिली.

"काय म्हणतेय?"

"काही नाही हो बाबा."

"सांग की."

"विचारतेय, हे गृहस्थ कोण आहेत म्हणून."

आपल्याच बायकोशी बोलायला मध्ये माणूस लागतो, हे त्याला सहन होईना. दुसऱ्याच दिवशी त्यानं क्लास लावला. वर्गातली बाकीची पोरं विशीतली. शिकवणारी बाई त्याच्या लेकीपेक्षा लहान. तिनं पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं, फ्रेंच कशासाठी? कुणाला नोकरी हवी होती, कुणाला परदेशी शिकायला जायचं होतं. "मला बायकोशी बोलायचंय," तो म्हणाला. सगळा वर्ग हसला. त्यांना ती थट्टा वाटली. तोही हसला आणि वहीत तारीख घालायला लागला.

घरी एकदा पुढच्या खोलीत बसून तो धडा मोठ्यानं वाचत होता. चार वाजले होते. आतून ती आली ती केस विंचरून, चष्मा लावून. समोर बसली आणि त्याच्या हातातलं पुस्तक तिनं सरळ काढून घेतलं. कितीतरी महिन्यांनी तिला, आता काय करायचं, हे नेमकं ठाऊक होतं. तेव्हापासून तो चार वाजताचा विद्यार्थी झाला. नवरा म्हणून नाही तर नाही, विद्यार्थी म्हणून तरी ती आपल्याशी तासभर बोलते, यावर त्यानं समाधान मानलं होतं.

आज धडा संपल्यावर तिनं पुस्तक मिटलं. "लग्न झालंय तुमचं?"

"हो, मॅडम."

"बायकोला येतं का फ्रेंच?"

"माझ्यापेक्षा चांगलं."

"नशीबवान आहात. माझ्या नवऱ्याला नाही येत." ती खिडकीबाहेर बघत बोलायला लागली. वर्गातलं तोलूनमापून बोलणं नव्हतं ते, भराभर बोलत होती. त्यानं कानात प्राण आणले.

"चांगला आहे हो माणूस. कामाचा. घरी आला की आधी विचारतो, जेवलीस का. पण मी रविवारी बहिणीशी फोनवर तास तास बोलायचे ना, काय बोलते ते त्यानं कधी विचारलं नाही. त्याच्यासमोर त्याच्याबद्दलच बोलायचे मी. त्याला कळायचं नाही, आम्ही दोघी हसायचो. एकदा हसता हसता मी रडले. तो पेपर वाचत होता. मला वाटायचं, कधीतरी विचारेल." तिनं त्याच्याकडे बघितलं. "त्याला नका हं सांगू. वाईट वाटेल त्याला."

काही शब्द निसटले, पण म्हणणं सगळं त्याला कळलं. आयुष्यात इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं. फोन ठेवल्यावर आपण पेपरामागून काय म्हणायचो, तेही आठवलं: "झाली का चिमण्यांची शाळा?" चुकलं माझं, एवढंच सांगायला त्याचा जीव तळमळला. पण एवढ्या दुःखाला पुरतील असे शब्द अजून धड्यात आलेच नव्हते. आणि मॅडमना एखाद्या विद्यार्थ्यानं असं काही सांगणंही बरं दिसलं नसतं.

"नाही सांगणार," तो म्हणाला.

"बराय. निघा आता. घरी वाट बघत असतील."

एरवी तो स्वयंपाकघरात सटकायचा आणि ती विसरून जायची. आज ती त्याला पोचवायला दारापर्यंत आली, दार उघडून उभी राहिली. करतो काय? चपला घालून तो बाहेर पडला. तिनं दार लावून घेतलं. जिन्याच्या पायरीवर तो बराच वेळ बसून राहिला. डोळे पुसले, मग खिशातली किल्ली काढली.

ती पुढच्या खोलीत वह्या आवरत होती. दाराचा आवाज ऐकून तिनं वर बघितलं.

"आलास?" तिनं फ्रेंचमध्ये विचारलं.

तो चपला काढता काढता थांबला. "आलो," फ्रेंचमध्येच म्हणाला.

तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "आत्ताच एक विद्यार्थी गेला. म्हातारा आहे, जीभ वळत नाही त्याची."

"शिकेल का?"

तिनं विचार केला. "उशीर केलाय त्यानं. पण रोज येतो."

तो तिच्यासमोर बसला. तिची बहीण जाऊन सहा वर्षं झाली होती. वाक्य मनात दोनदा जुळवून, अडखळत त्यानं विचारलं, "बहिणीशी आज काय बोललीस?"

तिनं वह्या बाजूला सारल्या, खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागली. त्याला त्यातलं निम्मंअर्धंच कळत होतं. त्यानं तिला मध्ये कुठेच थांबवलं नाही.