काचेपलीकडच्या कळ्या

"दिवा मालव म्हणते ना मी! उजेडात काय दिसणार, कपाळ?" रिम्मा फोनवर ओरडली.

"मालवते गं आई, दार तर लावू दे!"

तिकडं अमेरिकेत अजून उजाडायचं होतं. झ्लाता, रिम्माची एकुलती एक पोर, कुंडी घेऊन न्हाणीघरात शिरली होती. इथं आमची जेवणं उरकून चहा चालला होता. मी रिम्माची शेजारीण, आणि त्याआधीची वनस्पती-संशोधन संस्थेतली जोडीदारीण. ती रोपं सांभाळायची, मी कुंड्या धुवायचे.

फोनचा पडदा काळा झाला.

"दिसतंय?"

"नाही."

"मला तर पानन् पान दिसतंय!"

फोनला रोपाचा तो मंद उजेड दिसत नाही, हे रिम्माला का माहीत नव्हतं? संस्थेतली पोरं कॅमेरा लावून ताटकळत बसायची, तेव्हा कुठं फोटो यायचा. तरी तिनं हा खटाटोप करायला लावला. वेडी आशा, दुसरं काय!

रशियातल्या ओका नदीकाठच्या आमच्या गावात निम्मी माणसं संस्थेत कामाला. तिथं अंधारात चमकणाऱ्या अळंबीतली चमक आधी तंबाखूच्या रोपात घातली, मग पेटुनियाच्या फुलझाडात. अंधारात रोपं आपली आपण हिरवी उजळायची. सगळ्यात जास्त उजेड कळीत, आणि रिम्माचं काम त्या कळ्या खुडायचं. पराग काचघराबाहेर जाता कामा नये, हा नियम. प्रयोग संपला की रोपंही वाफेच्या भट्टीत. मोठ्या साहेबांनी आपल्या बंद खोलीत फुलं पाहिली असतील. रिम्मानं एकही पाहिलं नाही. मग ती निवृत्त झाली, आणि आमच्याकडं असलं रोप घरात लावायला बंदी. तिकडं मात्र ही पेटुनिया दुकानात मिळते, तीच झ्लातानं आणलेली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते असं.

आणि खरं सांगायचं तर रिम्माला रोपापेक्षा पोर बघायची होती. तिला व्हिसा मिळत नव्हता, पोरीला येता येत नव्हतं. ती कुढत बसायची आणि विचारलं तर म्हणायची, गुडघे दुखतात.

झ्लातानं दिवा लावला. "बघ, कशी टवटवीत आहे! रोज सकाळी कळ्या खुडते मी."

रिम्माचा कप हातातच राहिला. "काय करतेस?"

"कळ्या खुडते. तू खुडायचीस तशा, नखानं. शाळा सुटली की काचेबाहेर उभी राहून बघायचे ना मी. तू एकदा हात करायचीस आणि परत खुडायला लागायचीस."

मला हसू आवरेना. "अगं शहाणे, तो संस्थेचा नियम होता! तिथं तुला कोण विचारतंय?"

मग रिम्माचा चेहरा दिसला आणि मी साखरेचा डबा पुढं ओढला.

"मला वाटलं, रोप असंच सांभाळतात." झ्लाताचा आवाज एकदम लहान झाला होता.

"मला दुसरं काही येतच नव्हतं गं," रिम्मा म्हणाली. "आत बोलवायचीही सोय नव्हती तुला." मग तिनं विचारलं, "एखादी राहिलीय का?"

पानं चाळवल्याचा आवाज आला. "एक आहे, मागं. चुकून राहिली. अर्धी उमललीय."

"हात लावू नकोस."

"नाही लावत."

"आता दिवा मालव आणि मला सांग."

"तुला दिसणार नाही, आई."

"नाही दिसणार. तू बघ. घाई करू नकोस, अंधाराची सवय होऊ दे डोळ्यांना."

पडदा पुन्हा काळा झाला. आमच्या स्वयंपाकघरात लख्ख ऊन होतं. मी चहा ढवळत होते. रिम्मानं डोळे वटारले तसा चमचा खाली ठेवला. तिनं फोन उचलून कानाला लावला आणि डोळे मिटले. झ्लाताला तिकडं आता आईचा नुसता कान दिसत असणार.

माझा चहा निवून गेला.

"आई," झ्लाता हळूच म्हणाली, "कड दिसायला लागली. हिरवट आहे. आत, देठाकडं जास्त उजेड आहे."

"हं," रिम्मा म्हणाली. "पुढं सांग."